आई-अप्पा, ती नोकरी सोडली आहे

पुणे, रविवार

ती. अप्पा आणि आई,
सा. न.

हे फोनवर सांगता आलं असतं. पण फोनवर अप्पा नुसतं "बरं" म्हणतात आणि फोन आईकडे देतात. आई आधी जेवलीस का विचारते, आणि मग मी मूळ विषय गिळून टाकते. म्हणून पत्र. अप्पांनी चष्मा लावून मोठ्यानं वाचावं आणि आईनं मधे मधे थांबवू नये.

कंपनीची नोकरी मी सोडली. रीतसर नोटीस देऊन, कुणाशी न भांडता. नवं काम पुढच्या महिन्यापासून सुरू होतंय. मला कुणी काढलेलं नाही, तब्येत ठणठणीत आहे, आणि नाशिकच्या आत्याला वाटेल तसं यात कुठला मुलगाही नाही. पगार मात्र आधीच्या निम्म्याहून जरासाच जास्त आहे. हे वाक्य लिहायला मला सगळ्यात जास्त वेळ लागला, तेव्हा ते एकदाच वाचा आणि पुढे चला.

आधी घरचं. वरच्या खोलीच्या स्लॅबचे पैसे वेगळे काढून ठेवलेत, त्यांना हात लागणार नाही. पाच तारखेला येतात ते पैसे तसेच येत राहतील. कंपनीच्या विम्यात तुम्ही दोघं होतात. तो विमा त्याच विमा कंपनीकडून मी स्वतःच्या खर्चानं वैयक्तिक करून घेतलाय, मधे खंड पडू दिला नाही. नवं कार्ड पोस्टानं येईल. अप्पांना सत्तर पूर्ण झालीत, म्हणजे उत्पन्न काहीही असलं तरी त्यांचं आयुष्मान वय वंदना कार्ड निघतं. २०२४ च्या ऑक्टोबरपासून ही सोय आहे, पाच लाखांपर्यंतच्या मोफत उपचारांची. पिंट्याला घेऊन जा आणि काढून घ्या. "आपल्याला कशाला सरकारी" हे तिथं जाऊन म्हणायचं नाही.

माझं म्हणाल तर खोली तीच आहे, मैत्रीणही तीच. ऑफिसची गाडी जाईल, पण मेट्रो दारापासून फार लांब नाही. रविवारच्या डब्यात शेवभाजी असते. आपल्यासारखी तर्री नसते, पण भूक भागते. आईनं पाठवलेलं कळण्याचं पीठ अजून आहे आणि मी भाकरी थापते, हसू नका, आता ती फाटत नाही.

आता का सोडली ते.

अप्पा, तुम्ही गावभर सांगता, पोरगी औषधांवर संशोधन करते. मी संशोधनावर लिहायचे. औषध कंपनी चाचणी करते, आकडे आमच्याकडे येतात, आम्ही त्यांचा लेख बांधतो आणि वर मोठ्या डॉक्टरांची नावं लागतात. यात बेकायदा काही नाही. लिहायला मदत कुणी केली आणि पैसे कुणाचे, हे आता चांगली मासिकं लेखाच्या शेवटी छापायला लावतात. मी एकही खोटा आकडा लिहिलेला नाही, हे तुम्हाला सांगायची गरज नाही, तरी सांगते. खोटं लिहा असं तिथं कुणी म्हणतच नाही. पैसा त्याच्या कितीतरी आधी आपलं काम करून गेलेला असतो. प्रश्न कोणता विचारायचा, नवं औषध जुन्या स्वस्त गोळीशी ताडायचं की औषध नसलेल्या नुसत्या गोळीशी, किती महिन्यांनी थांबायचं, आणि मनासारखं आलं नाही तर तो कागद कुठल्या कपाटात जायचा, हे सगळं ठरून झाल्यावर माझ्या टेबलावर खरे आकडे यायचे.

तुम्ही गणिताचे मास्तर, तुम्हाला गणितच सांगते. नैराश्यावरच्या औषधांच्या ७४ चाचण्या अमेरिकेच्या सरकारी औषध खात्याकडे नोंदलेल्या होत्या. २००८ साली काही संशोधकांनी त्या फायली काढून बघितलं की यातलं छापून किती आलं. ३८ चाचण्या औषधाच्या बाजूनं होत्या, त्यातल्या ३७ छापल्या गेल्या. ३६ विरुद्ध किंवा शंकास्पद होत्या. त्यातल्या २२ छापल्याच नाहीत, आणि ११ अशा बेतानं छापल्या की वाचणाऱ्याला त्या बाजूच्याच वाटाव्यात. उरल्या तीन. तुम्ही कधी नापास पोरांची नावं हजेरीतून काढून शंभर टक्के निकाल लावला होता का? एका हेडमास्तरांनी सुचवलं तेव्हा तुम्ही काय केलंत ते मला आईनं सांगितलंय. तेव्हा माझ्या पगाराबद्दल जास्त बोलू नका.

आई, तुझ्या वयाच्या बायकांच्या बाबतीतही हेच झालं. पाळी गेल्यावर घ्यायच्या हार्मोनच्या गोळ्यांची बाजू घेणारे २६ लेख १९९८ ते २००५ या काळात छापून आले. ते तयार करणारे लेखक औषध कंपनीच्या पैशावरचे होते. हे २००९ मध्ये अमेरिकेत कोर्टातल्या कागदांमुळे उघड झालं. तोवर २००२ मध्ये एक मोठी चाचणी मधेच थांबवावी लागली होती, कारण त्या गोळ्या घेणाऱ्या बायकांत स्तनाच्या कॅन्सरचा आणि हृदयविकाराचा धोका वाढलेला दिसला. मी ते वाचलं तेव्हा लेखांखालच्या डॉक्टरांची नावं मी बघितलीच नाहीत. कुठल्या तरी टेबलाशी बसून ते नीटनेटकं लिहून देणाऱ्या बाईचाच विचार मनात येत राहिला. ती हुशारच असणार, आणि तिच्या घरी तिचं कौतुकही होत असणार.

साखरेचं तर आपल्या घरातलंच. अमळनेर म्हणजे वनस्पती तुपाचं गाव. १९४५ साली वेस्टर्न इंडिया व्हेजिटेबल प्रॉडक्ट्स आपल्याकडेच सुरू झाली, तिचीच पुढे विप्रो झाली. (शेअरचा विषय मी काढणार नाही, तो मान जिभाऊंचा.) तूप कुठलंही असो, अप्पांच्या छातीत दुखल्यापासून आईनं पुरणाच्या मांड्यांवरचं तूप बंद केलं आणि चहातली साखर तशीच ठेवली, कारण जो तो तेच सांगत होता. तर १९६५ मध्ये अमेरिकेतल्या साखर उद्योगाच्या संस्थेनं हार्वर्डच्या संशोधकांना एक आढावा लिहायला ६५०० डॉलर दिले. तो १९६७ मध्ये तिथल्या अत्यंत मानाच्या वैद्यकीय मासिकात आला. हृदयविकाराचं खापर स्निग्ध पदार्थांवर फुटलं आणि साखर जवळजवळ सुटली. पैसे कुणाचे हे छापलं नाही, तसा त्या मासिकाचा नियमही तेव्हा नव्हता. जुना पत्रव्यवहार कुणीतरी उकरून काढला आणि २०१६ मध्ये हे बाहेर आलं. याचा अर्थ आता तूप वाटीनं घ्या असा नाही, अप्पा. डॉक्टरांनी सांगितलंय तेवढंच.

नव्या जागी मी उलट्या टोकानं काम करणार आहे. एका प्रश्नावरच्या सगळ्या चाचण्या गोळा करायच्या, छापलेल्या आणि न छापलेल्याही. प्रत्येकीला पैसे कुणी दिले ते लिहायचं, आणि मग सगळ्यांचं मिळून काय निघतं ते बघायचं. आपल्याकडे २००९ पासून औषधाची चाचणी सुरू करण्याआधी सरकारी नोंदवहीत नोंदवावी लागते, त्यामुळे गायब झालेल्या चाचणीचा निदान माग लागतो. कंटाळवाणं काम आहे. मला आवडेल असं वाटतं. पैसा सरकारी अनुदानाचा आहे, आणि सरकारी पैशालाही स्वतःचं मन असतं हे मला कळतं. जाहिरात बंद होईल या धाकानं बातमी कशी मऊ होते, हे तुम्हीच मला शिकवलंत. अनुदान तीन वर्षांचं आहे. पुढचं पुढे. अनुभव आहे, हात रिकामे राहणार नाहीत.

आता रागवायची पाळी माझी.

अप्पा, २००९ ची विधानसभा आठवते? तुम्ही लाल पेन घेऊन बसायचात. एकाच नेत्याचं गुणगान वेगवेगळ्या दैनिकांत शब्दन्‌शब्द सारखं छापून येतंय, हे त्या वर्षी देशभर गाजलं. प्रेस कौन्सिलच्या उपसमितीनं पेड न्यूजवर सविस्तर अहवाल लिहिला, २०१० मध्ये. कौन्सिलनं तो आधी पूर्ण छापला नाही, माहिती आयोगानं सांगितल्यावर २०११ मध्ये पूर्ण बाहेर आणला. तुम्ही तेव्हा वर्गात पोरांना म्हणाला होतात, बातमीखाली बिल कुणाच्या नावानं फाटलंय ते आधी बघा.

आणि त्याआधीची आठवण तर माझी एकटीची आहे. सखाराम महाराजांची यात्रा, बोरीच्या पात्रात ती गर्दी, मी तुमच्या खांद्यावर, हातात भिंगरी. दातदुखीचं औषध विकणारा एक माणूस ओरडत होता आणि घोळक्यातला एकजण पुढे येऊन म्हणाला, मला लगेच फरक पडला. तुम्ही मला हळूच म्हणालात, "नीट बघ बेटा, कालही हाच पहिला आला होता." मला तेव्हा वाटलं, जगातलं सगळं माझ्या बापाला कळतं.

त्याच माणसाच्या कपाटात मागच्या खेपेला मला टीव्हीवरून मागवलेल्या मधुमेहाच्या चूर्णाचा डबा दिसला. साड्यांच्या मागे. आई, तू लपवलास हे मला माहीत आहे, आणि रागावले नाही. सकाळी तुम्ही बघता तो वैद्यांचा कार्यक्रम म्हणजे चॅनेलकडून विकत घेतलेली वेळ असते. प्रश्न विचारणारी मुलगी त्यांची, फोन करणारे त्यांचे, खालचा नंबर त्यांचा. मधुमेह बरा करतो अशी औषधाची जाहिरात करायला १९५४ च्या कायद्यानंच बंदी आहे, तेव्हा जो हे छातीठोकपणे सांगतो त्याला कायद्याचीही भीती नाही एवढं समजा. अशा काही चूर्णांत साखर उतरवणारं अ‍ॅलोपॅथीचं औषध गुपचूप मिसळलेलं सापडलेलं आहे. वरून तुमची रोजची गोळी. मागच्या महिन्यात वाडीतून येताना अप्पांना घाम येऊन चक्कर आली, ती कशानं आली हे मला इथून सांगता येणार नाही. पण त्या रात्री मला झोप लागली नाही.

तुमची ती मधुमेहाची पांढरी गोळी, मेटफॉर्मिन, जुनी आहे. तिच्यावर कुणाचं पेटंट उरलेलं नाही, म्हणून ती स्वस्त मिळते आणि तिचं कौतुक छापून आणायला फारसं कुणी पैसे घालत नाही. तुमच्या कानावर तिचं नाव पडत नाही याचं कारण एवढंच. ती बंद करायची नाही. डॉक्टरांना विचारल्याशिवाय कमी-जास्तही करायची नाही.

डबा जिभाऊंना देऊ नका, कचऱ्यात टाका. आधी त्याचा फोटो काढा आणि पुढच्या वेळी डॉक्टरांना दाखवा. त्यांना स्पष्ट सांगा किती दिवस घेतलं, ते ओरडणार नाहीत. आई, मंगल कार्यालयात हाडं तपासायचं मोफत शिबिर आहे म्हणालीस. जायचं तर जा, मैत्रिणी भेटतील. पण तिथून कॅल्शियमचं पाकीट घेऊन यायचं नाही. मोठी माय असती तर दारातच विचारलं असतं, "फुकट कोन देस वं?" मोबाइलवर डॉक्टर म्हणून बोलणाऱ्यांच्या व्हिडिओत कोपऱ्यात बारीक अक्षरांत "जाहिरात" किंवा "प्रायोजित" दिसतंय का बघा. तसं लिहायचा नियम आहे. बरेच जण लिहीत नाहीत, म्हणून न दिसलं तरी लगेच विश्वास नको.

आणि हे वाचून अप्पा म्हणतील, मग पेपरच बंद करतो. नका करू. अंकाच्या किमतीत कागदाचा खर्चसुद्धा धड निघत नाही, बाकीचं जाहिरातदार भरतो. वाचकानं आपले पैसे काढून घेतले तर तो पेपर पुरता जाहिरातदाराचा होईल. उलट तुम्ही एखादं वर्गणीवर चालणारं साप्ताहिक लावा, वर्गणी मी भरते. एवढा पगार आहे मला.

तुम्ही दोघांनी माझ्यासाठी काय काय सोडलं ते मला माहीत आहे. त्या वर्षी कापूस गेला तरी होस्टेलची फी वेळेवर आली होती. आईच्या पाटल्यांचं मी कधी विचारलं नाही, तुम्हीही सांगितलं नाही. त्यामुळे "पोरीनं चांगली नोकरी सोडली" हे तुम्हाला लागणार, आणि ते लागू नये म्हणून मी एवढं पाल्हाळ लावलंय. लोक विचारतील तेव्हा नोकरी बदलली एवढंच सांगा. पगाराचं जिभाऊंना नाही सांगितलं तरी चालेल.

आखाजीला येतेय. रजा नव्या ठिकाणी आधीच बोलून ठेवली आहे. आंबे मीच आणते, तुम्ही बाजारात उन्हात फिरू नका. अप्पांच्या तीन महिन्यांच्या साखरेचा रिपोर्ट या आठवड्यात काढा आणि पिंट्याकडून मला फोटो पाठवा. आई, दुपारी जरा आडवी होत जा, पापड यंदा कमी केलेस तरी घर चालेल. आणि मिस्त्रीनं कितीही गोड बोललं तरी स्लॅबचे सगळे पैसे आगाऊ द्यायचे नाहीत, सळई आणि सिमेंट आल्यावर पहिला हप्ता.

तुमची,
बेबी