क्रीडामंत्री साहेब, आमच्या रग्बीचं रब्बी झालं, पण खांब काय आले नाहीत

मा. क्रीडामंत्री साहेब,
महाराष्ट्र राज्य, मुंबई

सप्रेम नमस्कार.

सोलापूरहून लिहितोय, इथं पोरींना रग्बी शिकवतो. पत्र लांबणार आहे हे आधीच सांगतो, कारण एका पानात बसणारे अर्ज सात वेळा देऊन झालेत आणि त्याचं काय झालं ते पुढं येईलच. आपण कामात असता, दौरे असतात, सगळं मान्य. तरी वाचा.

परवा रविवारी सकाळी साडेसहाला आमची एक पोरगी बॉल घेऊन कडेनं सुटली. सतरा वर्षांची, नाव लिहीत नाही कारण तिच्या आईनं हात जोडून सांगितलंय की नाव कुठं टाकू नका. दोघींना चकवलं, तिसरीला हातानं ढकललं, समोर कोणीच नाही, आणि एकदम खाली बसली. मला वाटलं घसरली. घसरली नव्हती, पाय मांडवाच्या खड्ड्यात गेला होता. आठ दिवसापूर्वी त्या मैदानावर सभा झाली, मांडववाल्यांनी खांब उपटून नेले आणि खड्डे तसेच ठेवले, वर पाऊस पडला, गवत आडवं झालं, दिसायला सगळं सपाट. घोटा दोन ठिकाणी मोडलाय. प्लेट टाकली. पुढच्या महिन्यात पुण्यात निवड चाचणी होती, ती गेली. आई विड्या वळते, वडील यंत्रमागावर, त्यांना मी काय सांगू? आत्तापर्यंत 48 हजार झाले, त्यातले 20 मी पतसंस्थेतून उचललेत आणि बायकोला 10 सांगितलेत. ती फेसबुकवर नाही म्हणून इथं लिहायची हिंमत करतोय.

आता तुम्ही म्हणाल मैदान बघून खेळायचं की ओ. साहेब, पाच वर्षं मैदान बघूनच खेळतोय. आधी दगड वेचतो, मग काचा वेचतो, सभेच्या दुसऱ्या दिवशी पाण्याचे पाऊच आणि वड्याचे कागद वेचतो, मग वॉर्मअप. पोरी म्हणतात सर वेचण्यातच वॉर्मअप होतंय.

मागच्या वर्षी ऑगस्टमध्ये बिहारमध्ये राजगीरला आशियाई वीस वर्षांखालच्या रग्बी सेव्हन्सच्या, म्हणजे सात सात जणांच्या रग्बीच्या, स्पर्धा झाल्या, 2025 साल, तुम्हाला ठाऊक असणारच. आपल्या मुलींनी उझबेकिस्तानला 12-5 नं हरवून ब्राँझ घेतलं. सोन्यावर चीनचं नाव लागलं, ते जाऊ द्या. आमच्या पोरींनी ती मॅच एका मोबाईलवर बघितली, अकरा डोकी एका मोबाईलवर, आणि शिट्टी झाल्यावर असा दंगा केला की शेजारच्या मागवाल्यानं माग बंद करून विचारलं कोण गेलं म्हणून. त्याच आठवड्यात 15 ऑगस्टच्या कार्यक्रमात एक मोठे पाहुणे आले, नाव घेत नाही, तुमचे कोण लागतात ते तुम्ही बघा. त्यांनी आमचा बॉल नारळ धरतात तसा दोन हातात धरून फोटो काढला आणि माईकवर जाहीर केलं, या आपल्या भगिनींना आठ दिवसात हक्काचं मैदान आणि गोलपोस्ट. टाळ्या. शाल. श्रीफळ. त्या आठ दिवसांचे आता किती झाले ते मी मोजायचं सोडलंय.

तेवढ्या आशेवर मी अर्ज केला. विषय स्पष्ट लिहिला, रग्बी मैदान व गोलपोस्ट मिळणेबाबत. संबंधित कार्यालयात आवक नंबर पडला, मी पोचपावती खिशात घालून खुशीत घरी. पाच महिन्यांनी पत्र आलं, आपला अर्ज आमच्याकडं कृषीच्या संदर्भात आला असून त्यात गट नंबर व पिकाचा उल्लेख नाही. मला काही कळेना. पोचपावती काढून नीट बघितली तर आवकवाल्या भाऊसाहेबांनी विषय लिहिलेला, "रब्बी मैदानाबाबत".

हसू आलं की नाही? मलाही आलं. सोलापूर रब्बीचा जिल्हा, मंगळवेढ्याची ज्वारी सगळीकडं नावाजलेली, माणसाच्या हाताला जे वळण आहे तेच तो लिहिणार. पण दुसरा अर्ज मी ग ला ब जोडून, खाली लाल पेनानं रेघ मारून, बॉलचं चित्र काढून दिला. त्यावर तोंडी उत्तर मिळालं की हे ऑलिम्पिकमध्ये असेल तर बघू.

असेल तर! अहो 2016 पासून आहे. रिओला पहिल्यांदा सेव्हन्स खेळवलं आणि फिजीनं ब्रिटनला 43-7 असं धुतलं, त्या देशाचं आयुष्यातलं पहिलं ऑलिम्पिक पदक, तेही डायरेक्ट सोनं. नंतर टोकियोला न्यूझीलंडला 27-12, परत सोनं. पॅरिसला 2024 मध्ये फ्रान्सनं फिजीला 28-7 हरवलं म्हणून चांदी. फिजीची लोकसंख्या किती? नऊ लाखाच्या आसपास. सोलापूर शहराची 2011 च्या जनगणनेत 9,51,558. म्हणजे साहेब, अख्खा देश आमच्या शहराएवढा, त्यातून समुद्रात विखुरलेला, आणि धंदा काय तर ऊस, जो आमच्या जिल्ह्याला काय कमी नाही. आपल्याच देशातली माणसं 1879 पासून जहाजात भरून तिकडं ऊस तोडायला नेली होती. ऊस तोच, कोयता तोच, फक्त तिकडं ऊस संपतो तिथं मैदान सुरू होतं आणि इकडं ऊस संपतो तिथं प्लॉटिंग. पहिलं सोनं मिळाल्यावर तिथल्या सरकारनं सात डॉलरची नोट काढली, सात खेळाडू म्हणून सातची नोट. मी सातची नोट मागत नाही. मी गोलपोस्टचे खांब मागतोय.

खांब कशाला ते सांगतो, कारण प्रत्येक टेबलावर हेच विचारतात, खांबावाचून अडलंय का? हो, अडलंय. सेव्हन्स म्हणजे सात मिनिटं, दोन मिनिटं दम, परत सात मिनिटं, आणि मैदान पंधरा जणांच्या रग्बीचंच, 100 मीटर लांब 70 रुंद, त्यात फक्त सात सात जण. फेफडं फाटतं. बॉल रेषेपलीकडं टेकवला की पाच गुण, त्याला ट्राय म्हणतात, आणि त्यानंतर खांबांमधून बॉल मारला तर आणखी दोन. हे दोन लोकांना किरकोळ वाटतात. 2024 ला काठमांडूत आशियाई सेव्हन्स ट्रॉफीच्या फायनलला आपल्या मुली फिलिपिन्सकडून हरल्या, स्कोअर बघा, 5-7. ट्राय दोघींची सारखी, आपलं सोनं त्या दोन गुणांत गेलं. जकार्ता एशियाडला 2018 मध्ये जपाननं चीनला असंच 7-5 नं हरवलं. पॅरिसला अमेरिकेच्या मुली ऑस्ट्रेलियाच्या मागं, वेळ संपलेली, तेव्हा अॅलेक्स सेड्रिक आपल्या टोकापासून सुटली, तिकडं बॉल टेकवला आणि किकही तिनंच मारली, 14-12, ब्राँझ. ती मॅच मी निदान चाळीस वेळा बघितली असेल. त्यानंतर तिथल्या एका उद्योजक बाईंनी त्या टीमला 40 लाख डॉलर जाहीर केले. आमच्याकडं जाहीर करायला कमी नाहीत, ती अडचणच नाही.

आणि सेव्हन्समधली ती किक बॉल खाली ठेवून मारत नाहीत. हातातून सोडायचा, जमिनीवर टप्पा पडला रे पडला की मारायचा. बॉल अंड्यासारखा. जमीन सपाट असेल तर टप्पा सरळ येतो, आमच्या मैदानावर बॉल डावीकडं सोडला तर उजवीकडच्या टपरीत जातो, मग टपरीवाल्याची बोलणी आणि दोन चहा. दोन खांबांमधलं अंतर 5.6 मीटर आणि आडवी दांडी 3 मीटरवर असते, आम्ही दोन लिंबाच्या झाडांमधून मारत होतो, त्यातलं एक झाड सभेला गाड्या लावायच्या म्हणून तोडलं. बांबू रोवले, ते नवरात्रात कोणीतरी नेले, देवीच्या कामाला गेले म्हणून मी बोललो नाही. अक्कलकोट रोड एमआयडीसीत फॅब्रिकेटरकडं कोटेशन घेतलं, दोन्ही बाजूचे मिळून 64 हजार. पाहुण्यांच्या सत्काराच्या मांडवाला किती गेले असतील? मी विचारलं तर मांडववाला नुसता हसला.

माझं म्हणाल तर मी कोच नाही, म्हणजे सर्टिफिकेट आहे, पगार नाही. टॉवेलच्या कारखान्यात सुपरवायझर आहे, वय 47, डाव्या गुडघ्यात गादी झिजलीय. 2020-21 च्या लॉकडाऊनमध्ये यूट्यूबवर रग्बी बघत बसलो आणि पिसाळलो, दुसरा शब्द नाही. बायको म्हणते लोकांना दारूचं लागतं, तुम्हाला हे. पेट्रोल माझं, स्ट्रॅपिंगच्या पट्ट्या माझ्या, पोरींना केळी माझी, पोरगी घरी उशिरा गेली की बापाच्या शिव्याही मीच खातो. चड्डी घालून मैदानावर आणता म्हणून एका आजोबांनी मला भर चौकात काठी उगारली होती, आता तेच आजोबा मॅचला खुर्ची आणून बसतात आणि ट्रायला 'मार की बे' ओरडतात. तेवढीच माझी कमाई.

गेल्या वर्षी जूनमध्ये अंधेरीला रग्बी प्रीमियर लीग झाली, तीही सातसातचीच, तर सिद्धेश्वर एक्सप्रेसच्या जनरल डब्यातून चार पोरी आणि दोघींच्या आया घेऊन गेलो, रात्रभर संडासाशेजारी उभा होतो, गुडघा तिथूनच जास्त गेलाय. फायनलला चेन्नई बुल्सनं दिल्ली रेड्झला 41-0 नं चिरडलं. पोरी मॅच कमी आणि खालचं गवत जास्त बघत होत्या. एकीनं वाकून हात फिरवून बघितला आणि विचारलं, सर हे रोज पाणी मारत असतील ना? मी म्हणलं हो. तिच्या घरी नळाला चार-पाच दिवसाआड पाणी येतं. उजनी भरली की पेपरात फोटो येतो आणि आमच्या घागरी तशाच ओळीत. स्मार्ट सिटीच्या पहिल्या यादीत आमचं शहर होतं हो, 2016 च्या, देशात नववा नंबर. परीक्षेत नववा आलेला पोरगा पुढं काय करतो ते विचारू नये अशातली गत.

बिहारला आपण हसत होतो ना? त्याच राजगीरला 2024 मध्ये बायकांची हॉकीची एशियन चॅम्पियन्स ट्रॉफी, 2025 मध्ये पुरुषांचा हॉकी एशिया कप, मधे रग्बी. वर 'मेडल लाओ, नौकरी पाओ' म्हणून योजना, आणि देतात. त्याच नालंदा जिल्ह्यातली श्वेता शाही, शेतकऱ्याची पोर, यूट्यूबवर बघून रग्बी शिकली आणि भारताकडून खेळली. आपल्याकडं नोकरीत खेळाडूंना 5 टक्के आरक्षण आहे, कागदावर चोख. पण त्यासाठी स्पर्धा खेळावी लागते, स्पर्धेसाठी चाचणी, चाचणीसाठी सराव, सरावासाठी मैदान, आणि मैदान वर्षातले निदान 200 दिवस मांडवाखाली. कॅलेंडरवर खुणा करून मोजलेत, मधे दोन महिने खुणा करायच्या राहिल्या, ते धरले तर जास्तच भरतील. सभा, लग्न, प्रदर्शन, सेल, फटाके, परत सभा. सभेत विषय काय, तर युवाशक्ती. युवाशक्ती त्यावेळी मैदानाबाहेर रस्त्यावर पळत असते, ट्रकच्या धुरात.

गिरण्या गेल्या तेव्हा आमच्या बापांनी अर्ज केले. त्यांचे फाइलींत गेले, आमचे फाइलींत, आणि पोरं शिकली की पहाटेच्या गाडीनं पुण्याला. तिथून येतात ते दिवाळीला, चार दिवस, येताना आमच्यासाठी पुण्याची भाकरवडी आणि जाताना इथली शेंगा चटणी. शहर म्हणजे आता वेटिंग रूम झालीय. याच सोलापुरात 1930 ला लोकांनी इंग्रजांना अशी पळता भुई थोडी केली की त्यांना मार्शल लॉ लावावा लागला, चार जण फासावर गेले, त्यांचे पुतळे भर चौकात आहेत. त्या चौघांसमोरून रोज जाताना मला लाज वाटते की मी दोन लोखंडी पाइपांसाठी सात वेळा 'आपला नम्र' लिहिलंय.

असो, भरकटलो. मागणं लहान आहे. कुठलंही एक मैदान, आठवड्यातले चार दिवस, सकाळी सहा ते आठ. त्यावर रोड रोलर एकदा. खांबांचे दोन जोड. मांडववाल्याकडून अनामत घ्या आणि खड्डे बुजवल्याशिवाय परत देऊ नका, याला तर पैसाही लागत नाही उलट येतो. आणि त्या पोरीच्या दवाखान्याचं काही करता आलं तर बघा, नाही आलं तर मी आहे, पतसंस्था आहे.

फोटोला बोलावू नका. उत्तर पाठवलंत तर पाकिटावर रग्बी असं नीट लिहा, नाहीतर ते बियाण्याच्या दुकानात जाईल.

आपला,
(नम्र यावेळी खोडलंय)
एक बिनपगारी कोच, सोलापूर

ता.क. तो खड्डा पोरींनी काल विटांचे तुकडे आणि मुरूम घालून बुजवला. मग रांगेत चालत सगळं मैदान पायानं चाचपलं, अजून अकरा सापडले. प्रत्येकाशेजारी एकेक चप्पल ठेवून प्रॅक्टिस केली.