लोणारच्या पाण्यातली आकाशगंगा

मा. संपादक,
स.न.वि.वि.

लोणारच्या विवरावर उभी आकाशगंगा आणि खाली सरोवरात तिचे हुबेहूब प्रतिबिंब, अशी छायाचित्रे समाजमाध्यमांवर फिरतात. आकाशगंगा इतकी उंच असताना कड्यावरून असे दृश्य एका फ्रेममध्ये येऊच शकत नाही.

कडा पाण्यापासून सुमारे १३५ मीटर उंच. तिथून पाणी क्षितिजाखाली साधारण ५ ते २० अंशांत दिसते, आणि पाण्यात जितके अंश खाली बघावे तितकेच अंश वर असलेले तारे तिथे उमटतात. पलीकडच्या काठाजवळ तर समोरच्या भिंतीचेच प्रतिबिंब पडते. मध्य एप्रिलमध्ये पहाटे साडेचारला आकाशगंगेचा गाभा ऐन दक्षिणेला येतो, पण तेव्हा तो ४१ अंशांवर असतो. खरे प्रतिबिंब हवे असेल तर रात्री पाऊणच्या सुमारास, गाभा आग्नेयेला १५ अंशांवर असताना, वायव्येच्या कड्यावर कॅमेरा लावावा. वारा पूर्ण पडलेला हवा. नाहीतर पाण्यात फिकट पट्ट्यापलीकडे काही उमटत नाही.

फुल फ्रेम कॅमेरा, १४ मिमी लेन्स, एफ २.८, आयएसओ ३२०० आणि २० सेकंद पुरतात. त्याहून वेळ वाढवला की ताऱ्यांच्या रेघा होतात. लेन्सवरच्या अनंताच्या खुणेवर विसंबू नये. लाइव्ह व्ह्यूमध्ये, म्हणजे कॅमेऱ्याच्या पडद्यावर, एखादा ठळक तारा दहापट मोठा करून, ठिपका सर्वांत बारीक होईल तिथे फोकस रिंग चिकटपट्टीने पक्की करावी.

विवर उल्कापाताचे असले तरी खडक ज्वालामुखीचा, काळा बेसॉल्ट. २० सेकंदांत तो काळाठिक्कर येतो, म्हणून अनेकजण विवरात मोठ्या टॉर्चचे झोत टाकतात. आत अभयारण्य आहे, हे तरी ध्यानात घ्यावे! त्यापेक्षा शुद्ध तृतीया-चतुर्थीची रात्र निवडावी. पश्चिमेकडचा चंद्र समोरची पूर्वेची भिंत छान उजळतो. तो मावळण्याआधी जमिनीची फ्रेम घ्यावी आणि ट्रायपॉड न हलवता आकाशाची वाट पाहावी. चंद्र नसेल तर आयएसओ १६०० वर ४ मिनिटांची वेगळी फ्रेम घ्यावी. लाँग एक्स्पोजर नॉइज रिडक्शन (लांब फ्रेममधले नकोसे ठिपके काढण्याची सोय) चालू असल्यास कॅमेरा आणखी ४ मिनिटे अडकून राहतो, हे धरून चालावे.

अशा दोन फ्रेम जोडण्यात गैर काही नाही. मात्र वाचकांची छायाचित्रे छापताना ‘एकच फ्रेम’, ‘जोडलेल्या फ्रेम’ की ‘आकाश दुसरीकडचे’, एवढे खाली नमूद करावे, ही आपणांस विनंती.

— आकाश छायाचित्रण करणारे काही वाचक, बुलढाणा