सुहासला पत्र: कार्यालयात कशासाठी यायचे?

डिचोली, गोवा
१८ जुलै २०२५

प्रिय सुहास,
सप्रेम नमस्कार.

तुझे पत्र मिळाले. सर्वांनी आठवड्याचे पाचही दिवस कार्यालयात यावे असा प्रस्ताव तुमच्या व्यवस्थापनाने ठेवला आहे आणि त्यावर प्रत्येक टीम लीडने लेखी मत द्यावे असे सांगितले आहे, हे वाचून मला बरे वाटले. कारण पुष्कळ ठिकाणी असा निर्णय थेट ई-मेलने कळवला जातो आणि जे रोज माणसांकडून काम करून घेतात त्यांना कोणी विचारतही नाही. तू माझे मत मागितलेस म्हणून सविस्तर लिहितो. टाळेबंदीच्या आधी चार दिवस मी पुण्याहून डिचोलीला आलो आणि तिथल्या कंपनीचे काम इथल्या माडीवरून करत राहिलो, आणि पुढे पणजीतली नोकरी धरल्यावर मंगळवार ते गुरुवार कार्यालय व उरलेले दोन दिवस घर अशी घडी बसली. त्यामुळे दोन्ही बाजू मी जवळून पाहिल्या आहेत.

माझे मत आधीच सांगून टाकतो. कार्यालयाची खरी गरज नव्याने कामाला लागलेल्या मुलांना आहे. त्यांना शिकवण्यासाठी जितके दिवस एकत्र बसावे लागेल तितके दिवस सर्वांनी यावे, ज्येष्ठांनी तर यावेच यावे. आणि बाकीचे दिवस लोकांना विश्वासाने घरी काम करू द्यावे. लोक घरी काम करतात की नाही हे पाहण्यासाठी म्हणून त्यांना कार्यालयात बोलावणे मला मुळीच मान्य नाही.

हे मी का म्हणतो ते एका प्रसंगावरून सांगतो. आमची कंपनी दुकानांसाठी बिलिंगचे सॉफ्टवेअर तयार करते. २०२१ साली गोव्यातल्याच सत्तरी तालुक्यातली एक मुलगी आमच्याकडे लागली. लॅपटॉप कुरियरने घरी पोहोचला, मुलाखत व्हिडिओ कॉलवर झाली आणि पहिले वर्षभर तिने आपल्या वरिष्ठांना पडद्यावरच पाहिले. हुशार मुलगी, पण फार बुजरी. प्रश्न टाइप करायची, पुन्हा पुसायची, हे तिने मला नंतर सांगितले; कारण लेखी प्रश्न सर्वांना दिसतो आणि आपले अज्ञान त्यात कायमचे नोंदले जाते अशी तिला भीती वाटे. एकदा एका दुकानाची जीएसटीची रक्कम आणि विवरणपत्रातली रक्कम यांत काही पैशांचा फरक येऊ लागला. सोमवारचा सगळा दिवस तिने घरी त्यात घालवला. मंगळवारी ती कार्यालयात आमच्या एका ज्येष्ठ सहकारी बाईंच्या शेजारी बसली होती. बाईंनी सहज तिच्या पडद्याकडे पाहिले आणि एवढेच विचारले, ‘‘प्रत्येक ओळीवरचा कर आधी पैशांत पूर्ण करतेस, की सगळी बेरीज झाल्यावर?’’ तीन वस्तूंवर प्रत्येकी ३३.४ पैसे कर येत असेल, तर ओळीओळीने पूर्ण केल्यास, म्हणजे जवळच्या पूर्ण पैशावर आणल्यास, ९९ पैसे होतात आणि बेरीज करून पूर्ण केल्यास एक रुपया होतो. चूक सापडली.

पण मला महत्त्वाचे वाटले ते त्यापुढचे. बाईंनी खुर्ची ओढून घेतली आणि पुढचा तासभर त्या स्वतः एखादी तक्रार कशी वाचतात ते तिला दाखवत बसल्या: कोणते बिल आधी उघडायचे, कोणत्या नोंदीकडे पाहायचेच नाही, दुकानदार ‘हिशेब चुकतो’ म्हणतो तेव्हा त्याला नेमके काय म्हणायचे असते. चॅटवर तिला उत्तर मिळाले असते, पण जाणत्या माणसाची नजर कशी फिरते हे तिथे दिसले नसते. हे शिक्षण कोणत्याही वेळापत्रकात बसवता येत नाही, कारण शिकवणाऱ्यालाही आपण हे शिकवत आहोत याची जाणीव नसते. टाळेबंदीच्या काळात नोकरीला लागलेली मुले या शिक्षणाला मुकली आणि त्याबद्दल फारसे कोणी बोलले नाही, याची मला खंत वाटते. आपल्याला आपापल्या पहिल्या नोकरीत हे फुकट मिळाले होते, सुहास.

याला पुष्टी देणारा एक मोठा अभ्यासही आहे. मायक्रोसॉफ्टच्या अमेरिकेतील सुमारे ६१,००० कर्मचाऱ्यांच्या २०२० च्या पहिल्या सहामाहीतील संपर्काचा तो अभ्यास २०२१ साली प्रसिद्ध झाला. सगळे घरी बसल्यावर लोक आपापल्या गटातच अधिक बोलू लागले आणि वेगवेगळ्या गटांना जोडणारे धागे विरळ झाले, असे त्यात दिसून आले. जुन्या माणसाला ते धागे आधीच जोडलेले असतात म्हणून त्याचे भागते; नव्याला ते जोडायला वावच मिळत नाही.

आता दुसरी बाजू, आणि तीही तुझ्या टिपणात ठामपणे यायला हवी. घरी लोक कामचुकारपणा करतात हे तुमच्या वरिष्ठांचे गृहीतक पुराव्याला धरून नाही. चीनमधल्या सीट्रिप या प्रवासव्यवसायातल्या कंपनीने २०१० ते २०११ या काळात आपल्या कॉल सेंटरमध्ये चिठ्ठ्या टाकल्यासारखी विभागणी करून प्रयोग केला. घरून काम करणाऱ्यांचे काम १३ टक्क्यांनी वाढले आणि नोकरी सोडून जाणाऱ्यांचे प्रमाण निम्म्यावर आले. अर्थात प्रयोग संपल्यावर निवड करायची मुभा दिली, तेव्हा त्यांच्यातल्या पुष्कळांनी एकटेपणाला कंटाळून कार्यालयाची वाट धरली, हेही लपवू नकोस. त्याच कंपनीतला पुढचा प्रयोग १,६१२ पदवीधर कर्मचाऱ्यांवर झाला आणि २०२४ मध्ये ‘नेचर’ या विज्ञान-नियतकालिकात छापून आला. आठवड्यातले दोन दिवस घरून काम करणाऱ्यांची कामगिरी आणि बढत्या यांत काहीही फरक पडला नाही, आणि राजीनामे एक तृतीयांशाने घटले. त्यातला एक तपशील तुझ्यासारख्या टीम लीडसाठी मोलाचा आहे: प्रयोगाआधी व्यवस्थापकांना वाटत होते की काम घटेल, आणि प्रयोगानंतर त्यांचेच मत बदलले. राजीनामे कमी झाले ते विशेषतः स्त्रियांचे, कनिष्ठांचे आणि लांबून येणाऱ्यांचे.

लांबून येणे म्हणजे काय हे तुला पुण्याच्या हिंजवडीत कळतेच, पण आता ते गोव्यातही कळू लागले आहे. आपल्या कॉलेजच्या दिवसांत डिचोलीहून पणजी म्हणजे अस्नोडा, थिवी, म्हापसा करत निवांत गाठायचे ठिकाण होते. पर्वरीच्या उड्डाणपुलाचे काम सुरू झाल्यापासून म्हापशाहून थेट जाणारी शटल बस पकडली तरी तिथे कधी अडकून पडू याचा नेम नसतो. काही जण नार्व्याहून फेरीबोटीने दिवाडी आणि तिथून पुन्हा फेरीबोटीने जुने गोवे असा वळसा घेतात. पावसात नदीला पाणी चढले की तोही रस्ता बेभरवशाचा होतो. एवढा प्रवास करून कार्यालयात पोहोचलेला माणूस कानाला हेडफोन लावून दिवसभर बंगळूरच्या लोकांशी कॉलवरच बोलणार असेल, तर त्याला का बोलावले याचे उत्तर बोलावणाऱ्याने द्यायला हवे. ज्यांच्याशी बोलायचे ते त्या दिवशी शेजारी नसतील, तर तो दिवस घरीच गेलेला बरा. म्हणून दिवस किती यापेक्षा ते दिवस सर्वांचे एकच असावेत, यावर टिपणात भर दे.

स्त्रियांविषयी मात्र घाईने लिहू नकोस, कारण तिथे दोन्ही गोष्टी खऱ्या आहेत. आमच्या कार्यालयातल्या एका सहकारी बाईंची नोकरी केवळ घरचे दोन दिवस आहेत म्हणून टिकली. मूल लहान, सासूबाईंचे गुडघ्याचे दुखणे, आणि पाळणाघर गावात नाही. पण माझ्या स्वतःच्या बहिणीला घरून काम नकोसे झाले होते. एकत्र कुटुंबात ‘घरीच तर आहेस’ या तीन शब्दांवर सगळी कामे तिच्याकडे सरकत. गॅसचा सिलिंडर घ्यायचा तिने, पाहुण्यांना चहा तिने करायचा, आणि मीटिंग चालू असताना दारात कोणी येऊन उभे राहिले तर आवाज बंद करून उठायचेही तिनेच. कार्यालय पुन्हा सुरू झाले तेव्हा तिला सुटल्यासारखे वाटले. म्हणून निवड त्या त्या बाईवर सोडावी, तिच्या वतीने आपण ठरवू नये. आणि कायदाही पाहा: मातृत्व लाभ कायद्यातल्या २०१७ च्या दुरुस्तीने पगारी रजा २६ आठवड्यांची केली, रजेनंतर कामाचे स्वरूप तसे असल्यास परस्परसंमतीने घरून काम करण्याची तरतूद केली आणि ५० किंवा त्याहून अधिक कर्मचारी असलेल्या आस्थापनांना पाळणाघराची सोय बंधनकारक केली. पाचही दिवस या म्हणणाऱ्या कंपनीला, पाळणाघर कुठे आहे, हे विचारण्याचा तुला पूर्ण अधिकार आहे.

गोव्यात बसून या विषयाकडे पाहताना आणखी एक गोष्ट मनाला लागते. २०२० नंतर दिल्ली-मुंबईची कितीतरी माणसे घरून काम करण्याच्या सोयीमुळे आसगाव, शिवोली, हणजूण इथे राहायला आली आणि त्या बार्देश तालुक्यातली भाडी अशी चढली की पर्वरीत किंवा म्हापशात खोली घेणे आमच्या कार्यालयातल्या नव्या मुलांना परवडेनासे झाले. आलेल्यांबद्दल माझ्या मनात राग नाही. काम कुठूनही होत असेल तर माणूस समुद्राजवळ राहणारच. पण बंगळूरचे काम इथे बसून करणारा बाहेरचा माणूस आपल्याला चालतो, आणि पेडण्याच्या किंवा सत्तरीच्या मुलाला तेच काम करायला बंगळूरला जावेच लागते, हे मला अन्यायाचे वाटते. टाळेबंदीच्या त्या दोन वर्षांत आपल्या गावांत कामाच्या वयाची माणसे पुन्हा दिसू लागली होती. म्हाताऱ्या आईवडिलांना दवाखान्यात न्यायला घरात कोणीतरी होते, देवळाच्या उत्सवाला पालखी उचलायला खांदे होते. कंपन्यांनी बोलावल्याबरोबर ती माणसे गेली. टीसीएसने २०२० मध्ये जाहीर केले होते की २०२५ पर्यंत एका वेळी २५ टक्क्यांपेक्षा जास्त लोकांना कार्यालयात बसावे लागणार नाही. ऑक्टोबर २०२३ पासून त्याच कंपनीने लोकांना आठवड्याचे पाचही दिवस परत बोलावले. अशा घोषणांवर विसंबून ज्यांनी गावी घर दुरुस्त करून घेतले, कर्ज काढले, मुलांना गावच्या शाळेत घातले, त्यांचा विचार कोणी केला?

इथल्या अडचणीही मी नाकारत नाही. आषाढात वारा सुटला आणि माडाची झावळी तारांवर पडली की वीज जाते, इन्व्हर्टर असूनही नेट बंद पडते, आणि सत्तरी किंवा सांगेच्या आत गेलास तर मोबाइलला नीट रेंज नाही अशी ठिकाणे अजून सापडतात. तरीही आठवड्यातले दोन दिवस एवढी गैरसोय सोसायला लोक तयार असतात, हे तू व्यवस्थापनाला सांग.

तेव्हा टिपणात मी असे सुचवेन. तुमच्या टीमचे तीन दिवस नक्की करा आणि त्या तीन दिवशी तुझ्यासकट सर्व ज्येष्ठ हजर राहा. पहिल्या वर्षातल्या प्रत्येक मुलाला शेजारी बसवून घेणारा एक जाणता माणूस नेमून द्या आणि त्या माणसाच्या वार्षिक मूल्यमापनात या कामाची नोंद करा; नाहीतर शिकवणाऱ्याचा वेळ फुकट गेला असेच धरले जाईल. ज्याच्या घरी बसायला जागा नाही, किंवा घरी शांतता नाही, त्याला पाचही दिवस कार्यालय उघडे ठेवा; तेही तितकेच आवश्यक आहे. कीबोर्ड किती वेळ हलला हे मोजणारी सॉफ्टवेअरे घेण्याचा विचार कोणी मांडला तर त्याला स्पष्ट विरोध कर.

आणि एक मागणी माझ्याकडून जरूर घाल: वर्षातले काही सलग आठवडे आपापल्या गावाहून काम करण्याची मुभा. तुझ्या टीममध्ये विदर्भातली मुले आहेत, कोकणातली आहेत. प्रत्येकाचा सण वेगळा, घरची निकड वेगळी. रजा मोजकी असते, ती प्रवासात आणि आजारपणात संपते. यंदा चवथ, म्हणजे गणेश चतुर्थी, २७ ऑगस्टला आहे. माटोळीचे, म्हणजे गणपतीवर टांगायच्या रानफळाफुलांच्या सजावटीचे, सामान जमवायला तुमच्या घरचे काका या वयात एकटेच रानात आणि बाजारात फिरतात, हे मी दरवर्षी पाहतो. तू आधीचा आठवडा इथून काम करण्याची परवानगी मागून बघ. तुमच्या घरचे नेट बेताचे असेल तर आमच्या माडीवर बस, टेबल आहे, इन्व्हर्टरही आहे, आणि मी सोमवारी व शुक्रवारी घरीच असतो.

वहिनींना नमस्कार, लहानग्याला अनेक आशीर्वाद.

तुझा,
प्रशांत