सातबाऱ्यावर भरतीरेषा का नाही?

मा. संपादक,
स. न. वि. वि.

मालाडच्या खाडीकाठी आमच्या घराची तीस गुंठे खाजण जमीन आहे. आजोबांनी भावकीला हाताशी धरून चिकणमातीचा बांध घातला आणि खाडीचे पाणी बाहेर थोपवले. बांधात लाकडी फळीची उघाडी होती. ओहोटी लागली की फळी वर ओढून आतले पावसाचे पाणी सोडायचे आणि भरतीआधी फळी खाली. माझ्या लहानपणी तिथे भात होत असे. पुढे वडील गिरणीत लागले, काका परळला राहायला गेले. उन्हाळ्यात बांधावर चिखल चढवायला माणूस उरला नाही. एका उधाणात खांड पडली, ती बुजवली गेलीच नाही. आज खाडीकडच्या तिसऱ्या हिश्श्यात माझ्या डोक्यावर जातील एवढी तिवरे, म्हणजे कांदळवनाची झाडे, आहेत.

ही जमीन विकायचे आम्ही तिघा भावंडांनी गेल्या वर्षी ठरवले. घेणारे कुटुंब वसईकडचे, स्वतः बागायतदार. त्यांनी पाच लाख बयाणा दिला. वकिलांनी मालकीच्या नोंदींचा तीस वर्षांचा सर्च काढला, वर्तमानपत्रात जाहीर नोटीस दिली, चौदा दिवसांत एकही हरकत आली नाही. सातबाऱ्यावर भोगवटादार वर्ग १ (म्हणजे विकायला मोकळी), वारसनोंद झालेली, बोजा नाही, ‘इतर हक्क’ रकाना कोरा. एजंट म्हणाला, “ताई, खाडीकाठी एवढं क्लिअर टायटल शोधून सापडणार नाही.” तो खोटे बोलत नव्हता. मी तिवरांचे विचारले तेव्हा मात्र म्हणाला, “आधी सौदा होऊ दे, तिवरांचं नंतर बघू.” त्या रात्री मला झोप लागली नाही. ‘नंतर’ म्हणजे कोणी बघायचे? आमचे पैसे हातात आल्यावर, त्या वसईच्या माणसांनी?

मी पालिकेच्या शाळेत वर्षानुवर्षे भूगोल शिकवला. नकाशा वाचता येतो, म्हणून स्वतःच शोधाशोध केली. किनारपट्टी नियमन क्षेत्राची, म्हणजे सीआरझेडची पहिली अधिसूचना १९ फेब्रुवारी १९९१ ची. नंतर २०११ आणि २०१९ च्या आल्या. यातली एकही जमीन विकायला मनाई करत नाही. मनाई आहे ती वापराला. वर्ग २ ची जमीन असेल तर हस्तांतराला जिल्हाधिकाऱ्यांची परवानगी लागते, त्यामुळे तो कागद मागितला जातो. सीआरझेडने हस्तांतरच अडत नाही, त्यामुळे खरेदीखत नोंदताना त्याबद्दल कोणी विचारत नाही. वीट ठेवता येणार नाही अशी जमीन अगदी रीतसर, शिक्क्यानिशी विकली जाते.

आमच्यासारख्या बांधाच्या जमिनीला २०१९ च्या अधिसूचनेत स्वतंत्र तरतूद आहे. बांध किंवा उघाडी १९ फेब्रुवारी १९९१ च्या आधीची असेल, तर भरतीरेषा, म्हणजे भरतीचे पाणी जिथवर चढते ती हद्द, बांधापाशीच थांबते. पण बांधाच्या आत खारे पाणी शिरून तिवरे वाढली असतील, तर तेवढा भाग, कितीही छोटा असो, सीआरझेड-१अ या सर्वांत संवेदनशील वर्गात जातो. हे वाचताना ती न बुजवलेली खांड माझ्या डोळ्यांसमोर उभी राहिली. त्यात मुंबई उच्च न्यायालयाचा २०१८ चा निकाल आहे: कांदळवनाची जमीन खासगी असो की सरकारी, तिवरांपासून चहूबाजूंनी पन्नास मीटरच्या पट्ट्यात बांधकाम नाही. आमचा तुकडा ढोबळमानाने पंचावन्न मीटर लांब, तेवढाच रुंद. तिवरे संपतात तिथून वरच्या बांधापर्यंत मी टेप धरला. सदतीस मीटर भरले. म्हणजे सगळीच जमीन त्या पट्ट्यात.

हा निकाल मला योग्य वाटतो, हेही लिहून ठेवते. तिवरे उभी राहिलीच पाहिजेत. प्रश्न एवढाच की हे सारे घेणाऱ्याला व्यवहाराआधी का कळू नये?

तो स्वतः शोधेल म्हणावे, तर मंजूर किनारा व्यवस्थापन आराखड्याचा मुख्य नकाशा १:२५,००० प्रमाणाचा. म्हणजे कागदावरचा एक मिलिमीटर जमिनीवर पंचवीस मीटर. आमचे तीस गुंठे त्यावर दोन मिलिमीटरचा ठिपका होतात. सर्व्हे नंबरनिहाय भरतीरेषा हवी तर चेन्नईच्या अण्णा विद्यापीठासारख्या अधिकृत संस्थेकडून आखून आणायची. बयाणा देणारा कोणता साधा माणूस हे करणार? १८८२ च्या मालमत्ता हस्तांतरण कायद्याचे कलम ५५ सांगते की विकणाऱ्याने माहीत असलेला मोठा दोष घेणाऱ्याला सांगितलाच पाहिजे. पण घेणाऱ्याला नेहमीच्या काळजीने सापडला नसता असाच दोष त्यात धरतात. त्यामुळे विकणारा सहज म्हणतो, अधिसूचना तर जाहीरच आहे, तुम्ही बघायची होती.

भराव घालून केलेल्या जमिनींची गोष्ट याहून वाईट. रात्री डंपर येतात, राडारोडा टाकतात, चार पत्रे उभे राहतात आणि ‘जागा’ विकायला निघते. महाराष्ट्र जमीन महसूल संहितेच्या कलम २० नुसार भरतीरेषेखालचा समुद्राचा आणि खाडीचा तळ शासनाचा आहे. माती टाकली म्हणून मालकी येत नाही, आणि ज्याची मालकीच नाही त्याने स्टॅम्पपेपरवर लिहून दिलेल्या कागदातून घेणाऱ्यालाही काही मिळत नाही. अशा पत्र्यांत माझ्या शाळेतल्या मुलांची घरे होती. आई-बाप तो कागद प्लास्टिकच्या पिशवीत घालून माझ्याकडे वाचायला आणत. वाचून काय सांगायचे ते मला सुचत नसे.

महसूल विभागाला आणि नोंदणी महानिरीक्षकांना माझी विनंती आहे. किनाऱ्यालगतच्या प्रत्येक सातबाऱ्यावर, ‘इतर हक्क’ रकान्यात, आणि शहरी भागात मालमत्ता पत्रकावर सीआरझेडचा वर्ग व कांदळवनाचा शेरा यावा. अशा जमिनीच्या खरेदीखताला मोठ्या प्रमाणाच्या भरतीरेषा नकाशाची, विकणाऱ्याची सही असलेली प्रत जोडल्याशिवाय दस्त नोंदवू नये. सातबारा आज मोबाइलवर दिसतो, बँकेचा बोजा त्यावर चढतो. भरतीची रेषाही चढू शकते.

आम्ही बयाणा परत केला. घेणाऱ्यांना आधी वाटले, जास्त भाव देणारे गिऱ्हाईक मिळाले असेल. मी त्यांना जमिनीवर नेले, तिवरे दाखवली, टेपचे दुसरे टोक त्यांच्याच हातात दिले. दादाला हे अजून पटलेले नाही. दिवाळीला तो आला नाही. म्हणून माझे नाव छापू नये, ही विनंती.

– एक निवृत्त शिक्षिका, मालाड (पश्चिम)