तापाची रजा

प्रिय मित्रा,

सप्रेम नमस्कार.

तुझ्या दोन पत्रांना मी उत्तर दिले नाही. कामाचा व्याप हे कारण पुढे केले तर तू ते पहिल्याच ओळीत ओळखशील, म्हणून करीत नाही. प्रकृती ठीक आहे, पाठ अधूनमधून कुरकुरते एवढेच. लिहायला बसलो याला निमित्त आमच्या वसतिगृहातला एक मुलगा आहे. घडलेली हकिगत मी घरी सांगितली, सहकाऱ्यांनाही सांगितली, परंतु त्यातले एक वाक्य कोणालाच सांगता आले नाही. ते तुझ्यासाठी राखून ठेवले आहे.

गेल्या मंगळवारी रात्री साडेअकराच्या सुमारास त्याच्या खोलीतला सोबती मला बोलवायला आला. मुलगा तीन दिवस अंथरुणात होता आणि विचारणाऱ्या प्रत्येकाला ‘साधी सर्दी आहे’ असे सांगत होता. अंग चांगलेच तापलेले होते, पण माझी नजर गेली ती टेबलावर. पॅरासिटामॉलच्या स्ट्रिपमधले आठ खळगे रिकामे होते आणि शेजारी सर्दीच्या गोळ्यांची वेगळी स्ट्रिप होती, तिच्यातल्या चार गोळ्या संपलेल्या. दुसरी स्ट्रिप दिव्याखाली तिरपी धरून मागची बारीक अक्षरे वाचली, तर तिच्याही प्रत्येक गोळीत 500 मिलिग्रॅम पॅरासिटामॉल होते. आठ गोळ्यांचे 4 ग्रॅम झाले, आणि निरोगी प्रौढ माणसासाठी 24 तासांची कमाल मर्यादाच तेवढी आहे. त्यावर सर्दीच्या गोळ्यांतून आणखी 2 ग्रॅम पोटात गेले होते. हे सगळे आदल्या रात्रीपासूनचे. त्याच्या हिशेबात मात्र काहीच चुकले नव्हते, कारण एक गोळी तापाची होती आणि दुसरी सर्दीची.

त्याच रात्री त्याला रुग्णालयात नेले. तो वाटेत ‘मला काही होत नाही’ म्हणत होता आणि माझी धास्ती त्यानेच वाढत होती, कारण या औषधाने यकृताला इजा झाली तरी पहिल्या दिवशी माणसाला फारसे काही जाणवत नाही. रक्त तपासले, दोन दिवस ठेवून घेतले, यकृत शाबूत निघाले. ताप विषाणूचा होता, तो आपल्या वेळेने उतरला.

ते खळगे मोजताना मला तुझी ती मळकी वही आठवत होती, जिच्या मागच्या पानावर तू माझ्या तापाचे आकडे, गोळीची वेळ आणि दोन गोळ्यांमधले तास लिहीत होतास आणि मी तुला ‘कारकून’ म्हणत होतो. त्या कारकुनीची किंमत मला मंगळवारी कळली. उरलेल्या पाच अँटिबायोटिक गोळ्यांवरून आपण पंधरा दिवस अबोला धरला होता, त्याही भांडणात तुझेच बरोबर होते, हे आता लेखी देतो. साधी सर्दी विषाणूंमुळे होते, तिच्यावर त्या गोळ्या चालतच नाहीत, आणि बहुधा आठ-दहा दिवसांत ती आपोआप जाते, हे तू ओरडून सांगत होतास. मी मात्र पुढच्या सर्दीसाठी त्या जपून ठेवल्या होत्या. तुझा माज उतरावा म्हणून एवढेच स्मरण देतो की रात्री अकराच्या कॉफीने झोप बिघडत नाही हा तुझा सिद्धांत साफ खोटा होता. कॅफीन अर्धे होण्यास साधारण पाच तास लागतात, म्हणजे पहाटे चार वाजता तू अजून अर्धा कप प्यायलेलाच असायचास. आणि जुलाबांच्या त्या रात्री एक लिटर पाण्यात सहा चमचे साखर व अर्धा चमचा मीठ घालायचे सोडून मी नेमके उलटे केले, हा प्रसंग तू अजून सर्वांना सांगतोस असे लंबूकडून कळले. पहिला घोट तू माझ्याच सदऱ्यावर थुंकलास, तेव्हा हिशेब फिटला असे धर.

आता ते वाक्य. परत आल्यावर मी त्याला विचारले की तीन दिवस कोणाला सांगितले का नाहीस. तो बराच वेळ चादरीचा दोरा ओढत राहिला आणि म्हणाला, “ताप आला तेव्हा बरे वाटले, सर. झोपून राहायला कारण मिळाले.”

तिसऱ्या वर्षी, परीक्षेच्या आठवड्यात, कांजिण्या उठल्यावर तू अगदी हेच बोलला होतास. मी हसलो होतो. बंड्यालाही जाऊन सांगितले आणि नंतर महिनाभर आम्ही तुला ‘भाग्यवान रोगी’ म्हणत होतो. तू आमच्याबरोबर हसायचास, म्हणून मला ते कधी खटकले नाही.

या वेळी हसलो नाही, पण केले ते फार शहाणपणाचे होते असेही नाही. मी सवयीने व्याख्यान सुरू केले. शेल्डन कोहेन या अमेरिकी मानसशास्त्रज्ञांनी 1991 साली प्रसिद्ध केलेला प्रयोग सांगितला, ज्यात निरोगी स्वयंसेवकांच्या नाकात सर्दीच्या विषाणूंचे थेंब घातले आणि ज्यांच्या मनावर ताण अधिक होता त्यांना सर्दी होण्याचे प्रमाण अधिक आढळले. मुलगा नम्रपणे ऐकत होता, वर्गात ऐकतात तसा. मग मीच गप्प झालो, आणि त्यानंतर तो बोलू लागला. दीड महिना रात्री तीनपर्यंत जागरण, पुस्तक उघडले की छातीत धडधड, जेवणाच्या वेळा टाळणे, घरून आलेला फोन वाजू देणे. जगणे नकोसे वाटते का, जिवाचे काही करून घ्यावेसे वाटते का, असे मी त्याला सरळ विचारले; विचारल्याने तो विचार कोणाच्या डोक्यात शिरत नाही, हे माहीत असूनही जीभ जड झाली होती. तो नाही म्हणाला, आणि त्याचे खांदे जरा खाली आले. समुपदेशकांकडे तो दोनदा जाऊन आला आहे. झोपेची वेळ ठरवली आहे, संध्याकाळी माझ्याबरोबर अर्धा तास चालतो, अभ्यासाचे रोज एकच प्रकरण. तापासाठी त्याच्या भिंतीवर तुझ्यासारखा तक्ता मी स्वतः आखून लावला, आणि दम लागला, मान आखडली, शुद्ध हरपू लागली किंवा ताप तीन दिवसांत हटला नाही तर गोळ्यांच्या भरवशावर राहायचे नाही, हेही खाली लिहिले.

तापाचे असे लिहून देता येते. पण धडधाकट असताना, कोणताही दाखला न जोडता, ‘आज मला जमत नाही’ असे म्हणण्याची मुभा त्याला कोणत्या शब्दांत द्यावी, हे मला सुचत नाही. मी ‘विश्रांती घे’ म्हणतो, तो मान डोलावतो, आणि पहाटे दोन वाजता त्याच्या दाराखालून उजेड दिसतो.

तुझ्याविषयी विचारायचे राहूनच जात आहे. बदलीचे काय झाले? वहिनींचा गुडघा कसा आहे? चिरंजीव आता नीट झोपू देतात ना?

कांजिण्यांच्या त्या आठवड्यात मी काय म्हणायला हवे होते, ते मला लिहून पाठव. अठ्ठावीस वर्षे उशीर झाला आहे हे मान्य, पण रविवारी तो पुन्हा चालायला येणार आहे, तेव्हा त्याआधी पाठव.

तुझा,
कारकुनाचा जुना रोगी