इंजेक्शनाआधी नसेला टाका हवा: कोकणातल्या तुटलेल्या नसांविषयी खुले पत्र

मा. वैद्यकीय शिक्षणमंत्री,
महाराष्ट्र राज्य

महोदय,
सप्रेम नमस्कार.

मी रत्नागिरी जिल्ह्यात फिजिओथेरपिस्ट आहे. कोयता लागलेले, आंबे काढताना झाडावरून पडलेले, बोटीवरच्या दोर ओढणाऱ्या विंचमध्ये हात सापडलेले, हायवेवर मोटरसायकल घसरून खांदा ताणलेले असे पेशंट माझ्याकडे येतात. जखम भरलेली असते, हाड जुळलेलं असतं, पण बोटं हलत नाहीत, कारण नस (रक्तवाहिनी नव्हे, मेंदूचा निरोप स्नायूंपर्यंत नेणारी) तुटलेली असते.

नस शिवल्यावर ती दिवसाला साधारण एक मिलिमीटर वाढते. आम्ही नसेच्या वाटेवर बोटाने टिचक्या मारत जातो. जिथे मुंग्या येतात तिथपर्यंत नवे तंतू पोचले असं समजतो आणि पेनाने खूण करतो. सगळं नीट असेल तर महिन्याला खूण इंचभर पुढे सरकते. मनगटाची नस काही महिन्यांत तळहाताच्या स्नायूंना गाठते. मानेजवळ तुटली तर बोटांपर्यंतचा प्रवास दोन वर्षांचा, आणि स्नायू एवढं थांबत नाहीत. वर्ष-दीड वर्ष नसेशिवाय राहिले की ते वाळतात, मग नस पोचूनही उपयोग नसतो.

स्टेम सेलची, म्हणजे दुसऱ्या प्रकारच्या पेशींत बदलू शकणाऱ्या मूळ पेशींची, आशा आहे ती याच ठिकाणी. तुटलेल्या नसेला वाट दाखवण्याचं काम नसेच्या तंतूंभोवतालच्या श्वान (Schwann) पेशी करतात, पण जितका काळ जातो तितक्या त्या थकतात. त्या बाहेरून द्यायच्या तर पेशंटची दुसरी चांगली नस कापावी लागते. म्हणून अस्थिमज्जेतल्या किंवा चरबीतल्या मूळ पेशींना श्वान पेशींसारखं वागायला लावायचं, त्यांच्यातून झिरपणाऱ्या वाढीच्या घटकांनी नसेला बळ द्यायचं, असा प्रयत्न जगभर चालू आहे. उंदरांत निकाल उमेद वाढवणारे आहेत. माणसांतला पुरावा अजून तुटपुंजा आहे.

पण धंदा पुराव्यासाठी थांबलेला नाही. माझ्याकडच्या एका बागायतदाराच्या मुलाला शहरातल्या एका क्लिनिकने ‘स्वतःच्याच चरबीतून नवी नस’ असं सांगून इंजेक्शनं दिली. वडिलांनी आंब्याची कलमं पुढच्या दोन हंगामांसाठी कराराने देऊन पैसे उभे केले. मुलाच्या हातावरची माझी खूण कोपराच्या वर होती, ती तिथेच राहिली. पुढे मुंबईच्या सर्जननी हात उघडला तेव्हा कळलं, नसेची दोन टोकं कधी जोडलीच गेली नव्हती. मधल्या फटीत पेशी ओतून काय होणार? तिथे पायातली संवेदनेची नस काढून कलम करायला हवं होतं. ते शेवटी झालं, पण तोवर स्नायू वाळले होते.

भारतीय वैद्यकीय संशोधन परिषद (आयसीएमआर) आणि केंद्राच्या जैवतंत्रज्ञान विभागाची २०१७ची मार्गदर्शक तत्त्वं स्पष्ट आहेत: रक्ताच्या काही आजारांतलं मूळ पेशींचं प्रत्यारोपण सोडलं तर बाकी सगळं फक्त मान्यताप्राप्त, नोंदणी झालेल्या चाचणीतच करायचं आणि त्यासाठी पेशंटकडून पैसे घ्यायचे नाहीत. औषध प्रशासन राज्य सरकारकडेच आहे. तरीही अशा क्लिनिकची पत्रकं एसटी स्टँडवर उघड वाटली जातात. कुणी तपासतं का? प्रत्येक सरकारी दवाखान्यात मराठीत एक फलक लावा: ‘नसेसाठी स्टेम सेलचे पैसे मागितले तर इथे तक्रार करा’, आणि खाली उचलला जाणारा फोन नंबर. (उचलला जाणारा, हे मुद्दाम लिहिते.)

मला संशोधन थांबायला नको आहे. सिंधुदुर्गातल्या ओरोसला आणि रत्नागिरीत आता सरकारी वैद्यकीय महाविद्यालयं आहेत. मोठ्या संस्थांत रीतसर चाचण्या होतील तेव्हा ही दोन्ही केंद्रं त्यात घ्या. नसांच्या जखमांचे पेशंट इथे आहेत. त्यांची नोंद ठेवायला आजच सुरुवात करता येईल.

पण त्याआधीची गरज साधी आहे. स्वच्छ कापलेली नस शक्यतो काही दिवसांत, मायक्रोस्कोपखाली, केसाहून बारीक धाग्याने शिवावी लागते. त्यासाठी आमचा माणूस कोल्हापूर, गोव्यातलं बांबोळी नाहीतर मुंबई गाठतो, किंवा बऱ्याचदा नुसती वरची कातडी शिवून घरी बसतो. दोन्ही महाविद्यालयांत शस्त्रक्रियेचा मायक्रोस्कोप आणि तो रोज वापरणारा प्लास्टिक सर्जन द्या. नुसतं यंत्र पाठवलंत तर ते प्लास्टिकच्या कव्हरखाली राहील, हे आपणही जाणता.

पद मंजूर होऊन भरायला किती दिवस लागतील, तेवढं तरी कळवावं.

आपली,
रत्नागिरी जिल्ह्यातील एक फिजिओथेरपिस्ट