पालीचा जबडा आणि उत्क्रांतीची घाई

माननीय संपादक,

शरीररचना बदलायला लाखो वर्षे लागतात, असे सरसकट विधान आपल्या दैनिकातील प्राणिजीवनावरील लेखात आले आहे. ते नेहमीच खरे नसते.

१९७१ साली एड्रियाटिक समुद्रातील पोद म्रचारू या बेटावर दुसऱ्या एका बेटावरून आणलेल्या भिंतसरड्यांच्या अवघ्या ५ जोड्या सोडण्यात आल्या. २००८ साली प्रसिद्ध झालेल्या अभ्यासात त्यांच्या वंशजांची डोकी मूळ बेटावरील सरड्यांपेक्षा लांब, रुंद आणि उंच आढळली व चावाही अधिक जोरदार होता. जबडा मिटणारे स्नायू डोक्याच्या मागच्या भागात असल्याने तिथे जागा वाढली की चाव्याचे बळ वाढते, आणि पाल्याचा चिवट तुकडा तोडायला नेमके तेच लागते. कीटकभक्षी सरडे बऱ्याच अंशी शाकाहारी झाले होते. त्याहून नवलाची गोष्ट म्हणजे, अन्न रेंगाळून जंतूंकरवी कुजावे म्हणून त्यांच्या आतड्यात झडपाही आढळल्या, अगदी पिल्लांमध्येसुद्धा.

पावसाळ्यात आपल्या व्हरांड्यातील दिव्याखाली पाखरे टिपणाऱ्या पालीला एवढ्या बळाचे काम नसते. तिला चपळाई हवी. आपल्याकडील घोरपडीची आफ्रिकेतील नातलग, नाईल घोरपड, मात्र शंख फोडून खाते व प्रौढ वयात तिचे मागचे दात बोथट होतात. (दात पाहून आहार ओळखता येतो तो असा.)

शालेय विद्यार्थी हे सदर कात्रणे काढून जपतात, म्हणून पुढील अंकात दुरुस्ती छापावी, ही विनंती.

आपला,
एक निवृत्त विज्ञान शिक्षक, फोंडा